शेपटाची जिप्सी

वाळूत गाड्या चालवणाऱ्या आमच्या गटाच्या ताफ्यात आत्माराम गावंडे काकांची जिप्सी नेहमी सगळ्यात मागे असायची. ती जुनी होती म्हणून नाही. शेवटच्या गाडीला काम असतं. पुढचा कोणी रुतला तर त्याला ओढून काढायचं, कोणी मागे राहिलं नाही ना ते बघायचं, आणि सगळे पार झाल्याशिवाय स्वतः चढणीला हात लावायचा नाही. गटातले लोक या गाडीला स्वीप म्हणतात. चंद्रप्रभा काकू शेपूट म्हणतात.

काका मूळचे मूर्तिजापूरचे. बँकेत लागले आणि बदल्या होत होत लखनौला येऊन थांबले. आलमबागच्या शाखेत तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक कायम त्यांच्याकडे, त्यामुळे संध्याकाळी घरी निघणाऱ्यांत शेवटचे तेच. त्याआधीही फार वेगळं नव्हतं. "आमच्या लग्नात वाढपी कमी पडले," काकू सांगतात, "तर हे मुंडावळ्या मागे सारून बुंदी वाढायला उठले. वाढप्यांची पंगत शेवटची. आम्ही जेवायला बसलो तेव्हा नुसता भात उरला होता."

"मठ्ठा होता," काका म्हणतात.

त्यांची माझी ओळख इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत झाली. मी मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनियर आहे. जिप्सीबद्दल मी इतके प्रश्न विचारले की काकांनी मला थेट गाडीतच बसवलं. तेव्हापासून पुढच्या डाव्या सीटवर मी, मांडीवर वॉकीटॉकी, आणि मागे काकू, मांडीवर डबा.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारची गोष्ट वेगळी होती. महिनाअखेर काका निवृत्त होणार होते. लखनौच्या वृंदावन योजनेतलं घर सोडून अमरावतीच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं, आणि त्याआधीच बाराबंकीचा एक माणूस जिप्सी विकत घेऊन जाणार होता. म्हणजे ही शेवटची वाळू. गटात त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की हार आणतात, भाषणं करतात, म्हणाले.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. उन्नावच्या पुढे गंगेच्या काठी रेताड पट्टा आहे, तिथले लोक त्याला कटरी म्हणतात. त्यात वाळूची एक उंच चढण आहे. गटाचे प्रमुख गजेंद्र सिंह तिचं वर्णन दर वेळी त्याच शब्दांत करतात: "चढ़ते वक़्त बोनट के आगे सिर्फ़ आसमान। फिर बोनट झुकता है, और सामने एकदम गंगा जी।" गटातल्या प्रत्येकाने ते पाहिलं होतं. काकांनी नव्हतं. सगळ्यांना ओढून, ढकलून वर घालवेपर्यंत गजेंद्रजी निघायची शिट्टी वाजवत, आणि ताफा जेवायला निघे.

या वेळी काकांनी आधीच फोन केला होता. गजेंद्रजी म्हणाले होते, इस बार आप मेरे ठीक पीछे, पक्का.

सकाळी आलमबागच्या पुढे पेट्रोल पंपावर सगळे जमले. धुकं अजून पूर्ण उठलं नव्हतं. काकांनी जिप्सी गजेंद्रजींच्या गाडीमागे लावली. गजेंद्रजी चहाचा कुल्हड घेऊन खिडकीशी आले.

"गावंडे जी, एक छोटी सी बात. आज तीन गाड़ियाँ बिल्कुल नई हैं. बच्चे हैं, पहली बार रेत देखेंगे. आप पीछे रहेंगे तो मैं बेफ़िक्र रहूँगा."

काका स्टिअरिंगकडे बघत होते. "आपने कहा था…"

"कहा था, बिल्कुल कहा था. पर आपके जैसा भरोसे का आदमी कहाँ है?"

"ठीक है," काका म्हणाले आणि जिप्सी मागे घेतली.

मला इतका राग आला की वॉकीटॉकीचं बटण उगाचच दाबलं गेलं. मागून काकूंचा आवाज आला. "आर्या, बघ गं. बुंदी आली."

वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करायची असते. टायर पसरतात आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. परतताना पक्क्या रस्त्याच्या तोंडाशी हवा पुन्हा भरायची. त्याचा कंप्रेसर पूर्ण गटात फक्त काकांकडे. त्यामुळे त्यांचे टायरही शेवटी.

गोमतीनगरचा समीर त्याची कोरी गाडी घेऊन आला होता. हवा कमी करायला तो तयार नव्हता. "अंकल, टायर ख़राब नहीं हो जाएँगे?" नाही होत, काका म्हणाले. तो हसला आणि तसाच गेला. पहिल्याच सपाट वाळूत चाकं बुडाली. काका दोर घेऊन उतरले, गुडघ्यावर बसले, गाडीखालच्या हुकात दोर अडकवला आणि ओढून काढलं. पुढच्या वळणावर तो पुन्हा बुडाला. तेव्हा हवा कमी केली, तीही काकांनीच.

चढणीपाशी पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. गजेंद्रजी पहिले गेले. रात्रीच्या दवाने वाळू दबून बसलेली होती. त्यांची गाडी एका दमात वर गेली, टोकावर क्षणभर थांबली आणि पलीकडे नाहीशी झाली. मग एकेक जण. कोणी पहिल्यांदा, कोणी तिसऱ्यांदा. दोघांना काकांनी वर पोचलेल्या गाडीला दोर बांधून ओढून घेतलं. त्यासाठी दोराचं टोक खांद्यावर टाकून ते पायी वर गेले, खाली आले, पुन्हा गेले. काकूंचा डबाही असाच फिरत राहिला. धपाटे सगळ्यांनी खाल्ले.

अखेर चढणीखाली आमचीच गाडी उरली.

या जुन्या जिप्सीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल खटका असतो. त्याला हब म्हणतात. उतरून तो हाताने फिरवावा लागतो, नाहीतर इंजिनची ताकद पुढच्या चाकांपर्यंत पोचत नाही. एकच फिरवून चालत नाही. ताकद मोकळ्या बाजूने निघून जाते आणि गाडी दोनच चाकांची राहते. सपाट वाळूत काकांना त्याची गरज पडत नसे. चढणीसाठी मात्र ते उतरले. उजवा हब फिरवला, हात पँटला पुसले आणि डाव्या बाजूला निघाले.

तेवढ्यात वॉकीटॉकी बोलला. "अंकल जी, समीर बोल रहा हूँ. उस पार उतरते में फँस गया."

काकांनी वर बघितलं. मग दोर उचलला आणि चालू लागले. मी फावडं घेऊन मागे गेले. समीरची गाडी काढायला बराच वेळ लागला. परत आलो तेव्हा वरून गजेंद्रजी ओरडत होते, "गावंडे जी, आ जाइए, खाना ठंडा हो रहा है!" काका घाईने गाडीत बसले, खालचा गिअर टाकला आणि जिप्सी सोडली.

समोर बोनट, बोनटच्या पुढे आकाश. काकूंनी पुढची सीट धरली. निम्म्याच्या थोडं वर गेल्यावर गाडी कुथली, थरथरली आणि थांबली. मी उतरून बघितलं. मागची चाकं वाळू उडवत खड्डा करत होती. पुढची नुसती उभी.

"काका, डावा हब."

ते उतरले, बघितलं आणि खटक्यावर नुसता हात ठेवून उभे राहिले. दुसऱ्या कोणाच्या गाडीत हेच असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, दोन्ही लावलेत ना.

गाडी मागे मागे खाली आणली. हब फिरवला. गजेंद्रजी उतरून आले होते. "रहने दीजिए गावंडे जी. अगली बार सबसे पहले आप."

काकूंनी खिडकीची काच खाली केली. "अगली बार नहीं है, भैया. इस महीने हम जा रहे हैं. गाडी भी जा रही है."

गजेंद्रजींचा चेहरा उतरला. "आपने बताया नहीं."

"एक बार और," काका म्हणाले. विचारत नव्हते, सांगत होते.

दुसऱ्यांदा पुढची चाकंही ओढत होती. गाडी निम्म्याच्या पुढे गेली, आणखी पुढे गेली. पण सकाळची ती दबून बसलेली वाळू आता कुठे होती? एवढ्या गाड्यांनी तिचं पीठ करून ठेवलं होतं. पहिल्याला रस्ता मिळतो, शेवटच्याला पीठ. टोक हाताच्या अंतरावर आलं आणि चारही चाकं जागच्या जागी बुडू लागली. काकांनी पाय काढला. उगाच रेटला असता तर क्लच जळला असता.

"रस्सी से खींच लेते हैं," गजेंद्रजी वरून म्हणाले. "बस इतना सा ही तो है."

"रस्सी से नहीं."

"तो क्या हुआ? ऊपर तो आ जाएँगे."

"गाडी आएगी," काका म्हणाले. "मैं नहीं."

शेजारी, हातभर उजवीकडे, कोणी न तुडवलेली वाळू होती. मी बोट दाखवलं. काकांनी आधीच बघितलं होतं. त्यात ओळीने खड्डे घेऊन कोणीतरी टरबुजाचं बी लावलं होतं, वर गवताचा आडोसा. ते मान हलवून गाडी मागे घेऊ लागले.

परतताना पक्क्या रस्त्याच्या तोंडाशी सगळे काकांची वाट बघत उभे होते. समीरने टायरच्या व्हॉल्व्हची टोपणं काढून हातात धरली होती. काकांनी कंप्रेसर बाहेर काढला, बॅटरीला लावला आणि नळी पहिल्यांदा स्वतःच्या टायरला जोडली. समीर बघत राहिला. काकांनी आपली चारही चाकं सावकाश भरली, मग कंप्रेसर, दोर आणि फावडं उचलून गजेंद्रजींच्या गाडीत ठेवलं.

"ये आप रखिए. अमरावती में रेत नहीं है."

"और ये चलाएगा कौन?" गजेंद्रजींनी विचारलं.

"जो पीछे रहेगा."

जिप्सी सगळ्यांच्या आधी रस्त्यावर आली. काकूंनी डब्याच्या तळातून कागदात गुंडाळलेला धपाटा काढून पुढे केला. सकाळीच बाजूला ठेवला असणार. काका एका हाताने खात होते.

"वरून दिसतं तरी काय एवढं?" काकूंनी विचारलं.

"मला माहीत आहे काय दिसतं. दोर घेऊन कितीदा गेलोय." त्यांनी घास गिळला. "गाडीतून बघायचं होतं."

उन्नावच्या रेल्वे फाटकापाशी थांबल्यावर ते स्वतःशीच म्हणाले, "आकाश दिसलं. दोन्ही वेळा दिसलं. गंगा राहिली."