दोर धरणाऱ्याला सोडून

आमच्या सायलीला दमा नाही. हे मी निम्म्या नांदेडला स्वतः जाऊन सांगितलेलं आहे.

दमा तिला लहानपणापासून आहे, ही गोष्ट वेगळी! पंप जवळ ठेवते, बँकेत नोकरी करते, जिने धावत चढते. तिला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते मला. कारण लोह्याचं एक स्थळ चालू होतं, आणि मी पडलो निवृत्त मुख्याध्यापक. एखादी गोष्ट हातात घेतली की तिचा विचका झाल्याशिवाय सोडत नाही.

त्यात पोरीनं रॅपलिंगचं खूळ घेतलं. रॅपलिंग म्हणजे कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरायचं. (शेजारी चांगली पायवाट असते, तरी!) रविवारी माहूरच्या बाजूच्या डोंगरात जायचं ठरलं.

"बाबा, शेख सरांना दम्याचं सांगावं लागेल. दोर त्यांच्या हातात असतो."

"खबरदार! सगळ्या जिल्ह्यात होईल."

"ते कुणाचं कुणाला सांगत नाहीत."

"माणूसच आहे ना? मग सांगणारच!" (हा अंदाज मी स्वतःवरून बांधला होता.)

शेवटी तह झाला. तिनं सरांना सांगायचं नाही. पण पंप तिच्या कमरेच्या पाऊचमध्ये राहील आणि मी त्याला हात लावायचा नाही.

मग मी बंदोबस्ताला लागलो. ज्यांना ज्यांना ठाऊक होतं त्यांची तोंडं बंद करायची! आधी मेडिकलवाले गोविंदराव. संध्याकाळची वेळ, दुकानात ही गर्दी. मी काउंटरवर वाकून हळूच म्हणालो (माझं हळू शेवटच्या बाकापर्यंत जातं, नोकरीच तशी होती), "आमच्या सायलीच्या दम्याचं कुणाजवळ बोलू नका."

सगळी गिऱ्हाइकं वळून माझ्याकडे बघायला लागली. गोविंदराव म्हणाले, "न्हाई बोलत, गुरुजी. पर आता सांगायला राह्यलंच कोन?"

तिथून दूधवाला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, हे त्याला सगळं सांगून झाल्यावर कळलं. मग लोह्याला मेहुण्यांना फोन लावला. स्थळ त्यांनीच आणलेलं.

"साहेबराव, पोरीला दमाबिमा काही नाही बरं का!"

"दमा? आसं कोन म्हनलं?"

"कुणीच नाही! म्हणून तर सांगून राहिलो!"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, लपवून राहिलात का दवंडी पिटून राहिलात?"

रविवारी मीही जीपमध्ये चढलो. पोरीला सोबत म्हणून! माझी ब्लडप्रेशरची गोळी नाष्ट्यानंतर घ्यायची होती, पण तरण्याताठ्या पोरांसमोर ती काढायची कशी? राहू दिली खिशात.

कड्यावर पोचल्यावर शेख सर एकेकाला बाजूच्या झाडाखाली नेऊन हलक्या आवाजात विचारत होते. सायलीचा नंबर आला तसा मीही गेलो.

"काई त्रास? दमा, फिट, चक्कर?"

"काही नाही! ठणठणीत आहे!" मी.

"काका, मी तिला इचारून राह्यलो."

सायलीनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "काही नाही, सर."

एवढ्यात कळलं, ग्रुपमधल्या एक बाई लोह्याच्या! आणि सायलीच्या पाऊचची चेन अर्धी उघडी, त्यातून निळा पंप डोकावतोय. ती हेल्मेट बांधण्यात गुंतली होती तेवढ्यात मी तो अलगद काढला आणि माझ्या खिशात टाकला. खिसेकापूलाही इतकं सफाईनं जमलं नसतं.

सायली उतरायला लागली. छान उतरत होती. कड्याच्या मध्यावर धूळ उडाली आणि ती एका कपारीला थांबली. हात कमरेला गेला. पाऊच चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग तिनं वर पाहिलं. श्वासाची ती शिटी मला वरपर्यंत ऐकू आली. तिच्या लहानपणी कित्येकदा मी ती उशाशी बसून ऐकलेली आहे. मेडिकलच्या गिऱ्हाइकांना ठाऊक, दूधवाल्याला ठाऊक, लोह्याला ठाऊक! ठाऊक नव्हतं ते फक्त दोर धरणाऱ्याला.

"सर! तिला दमा आहे!" मी ओरडलो. डोंगरानं ते पुन्हा दोनदा सांगितलं. लोह्याच्या बाईंनी तर तिन्ही वेळा ऐकलं.

"पंप कुठंय?"

"माझ्या खिशात!"

शेख सरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी इतकी वर्षं पोरांकडे डोळे वटारले, पण असं पाहणं मला कधी जमलं नाही. त्यांनी पंप पिशवीत घालून दुसऱ्या दोरावरून सरसर खाली सोडला. सायलीनं तो ओढला, पुन्हा ओढला. थोड्या वेळानं तिनं हात वर केला आणि सरांच्या दोरावर सावकाश तळाला पोचली. मला रडूच आलं.

आणि मग मी आडवा झालो. डोंगर गरागरा फिरायला लागला.

"काका, बीपी हाय का? शुगर?"

"काही... नाही..."

सरांनी कड्यावरून हाक मारली, "सायली! बाबाला काय त्रास हाय?"

खालून खणखणीत आवाज आला, "मला ठाऊक आहे, सर! पण ते त्यांचं खाजगी आहे! त्यांनाच विचारा!"

सगळा ग्रुप माझ्याकडे बघायला लागला. मी सरांच्या कानात सांगितलं, गोळी दाखवली. त्यांनी पाणी दिलं. कुणीतरी विचारलं, "काय झालं काकांना?" सर म्हणाले, "ऊन लागलं." बस, एवढंच!

मी भारावून गेलो. इतका भारावलो, की परतीच्या जीपमध्ये सगळ्यांना मोठ्यानं म्हणालो, "बघा, याला म्हणतात माणूस! मला ब्लडप्रेशर आहे, साखर काठावर आहे, पण यानं एक शब्द बाहेर काढला नाही!" मुदखेड आल्यावर सायली म्हणाली, "लोह्याच्या मुलाला मी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, बाबा. तो म्हणाला, पंप जवळ ठेवत जा."

ती अजून दर महिन्याला कडे उतरते. सर आजही एकेकाला झाडाखाली नेऊन हळू आवाजात आजार विचारतात. फक्त एक प्रश्न ते आधीच सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारतात:

"कुनाचे वडील संगं आलेत का?"