कच्चं औषध

"ही त्यांच्यातलीच आहे," मोठे डॉक्टर पाहुण्यांना म्हणाले. "हिनं हाक मारली की गुरांसारखे येतात. का म्हणून कुणी विचारत नाही."

मी तिथंच होते. अमडापूरच्या दवाखान्याच्या ओट्यावर, गोळ्यांचा डबा धरून. ते माझ्यासमोर बोलत होते. जशी मी ओट्याचा खांब.

पाहुणेही शहरातले डॉक्टरच. त्यांनी विचारलं, "गावातली बाकीची माणसं का नाही घेतली? देशमुखांच्या मुलालाही नारू झालाय म्हणता."

"छे! ती मंडळी प्रश्न विचारतात. औषध अजून कच्चं आहे. त्या घरात कुणाला काही झालं तर गावात पाय ठेवू देणार नाहीत."

मग चहा आला. देशमुखांच्या घरून. कपबशा शिपायानं वाटल्या. त्यांना हात लावायची मला मनाई होती. गोळ्या मात्र रोज माझ्याच हातून.

महाराष्ट्र राज्य नवं होतं. मी नर्स म्हणून नवी होते. आम्ही बौद्ध झालो त्यालाही फार काळ लोटला नव्हता. बुलढाण्याला शिकले, पांढरं लुगडं नेसले, वाटलं आता मला कोणी हटकणार नाही. त्या काळी नारू घरोघर. पाण्यातून पोटात जायचा आणि पायातून दोऱ्यासारखा बाहेर यायचा. काडीवर गुंडाळत, कण्हत माणसं बसून राहायची. पेरणी बुडायची, मजुरी बुडायची. शहरातून मोठे डॉक्टर आले, म्हणाले, नवं औषध आलंय, फुकट आहे, तुझ्या लोकांना बोलव. मला अभिमान वाटला. गावाबाहेरच्या आमच्या वाड्यात, आमच्या वस्तीत दारोदार गेले. "चांगलं औषध हाये, या." ते आले. माझ्यावर विश्वास ठेवून आले.

औषध चालतं की नाही हेच अजून पाहायचं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना तर नाहीच.

ओट्यावरून उतरले ती सरळ वाड्यात गेले. तिथं चंद्रभागा आत्याच्या घरापुढं बाया जमलेल्या. आत्या म्हणजे माझ्या बापाची चुलत बहीण. सकाळी गोळी घेऊन गेली होती. आता ओकत होती, बरळत होती, भिंतीवरून साप उतरतात म्हणून किंचाळत होती. मी पाण्याचा गडू पुढं केला. तिनं हातानं उडवला.

"दूर हो! तू इख देतं मले!"

सगळ्या बाया माझ्याकडं पाहत राहिल्या. मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

धावत मोठ्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी पुस्तकातून मानही वर केली नाही. "अंगात आलं असेल. तुमच्यात असतंच ते. पोटात अन्न नाही म्हणून उलट्या. जा."

तुमच्यात. नर्स झाले तरी तुमच्यात. ज्वारीच्या कण्या खाऊन, मागच्या बाकावर बसून शिकले तरी तुमच्यात. रडू आलं नाही. आतून काहीतरी टणक झालं. दवाखान्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना घेऊन मीच आत्याकडं गेले, सलाइन लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं नेहमीसारखी मातीत बसली. मोठे डॉक्टर खुर्चीत. मला त्यांनी बजावलेलं होतं, दवाखान्यात शुद्ध बोलायचं. मी डबा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि घरच्या बोलीत बोलले.

"ऐका हो सारे. ह्या गोळ्या कच्च्या हायेत. गुण येते का नाही, हे तुमच्यावर पाहून राह्यले. मलेबी काल कळलं. आत्याले ह्याच गोळीनं झालं असंन. घ्याची तं घ्या, नाही तं नका घेऊ. पन पह्यले इचारा."

किसनबुवा उठले. पायाला चिंधी बांधलेली. डॉक्टरांपुढं जाऊन उभे राहिले.

"साहेब, मंग पह्यले देशमुखाच्या पोराले द्या ना. त्याच्याबी पायात नारू हाये."

कोणी हसलं नाही. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "हिला बाहेर काढा!"

शिपाई जागचा हलला नाही. माणसं एकेक करून उठू लागली. एक लेकुरवाळी बाई तेवढी बसून राहिली. म्हणाली, "मले पाह्यजे गोळी. रात रात दुखते." मी म्हटलं, "घे माय, तुह्या मनानं घे. पन इचार, बिघडलं तं कोन पाहीन?" तिनं विचारलं. डॉक्टरांना उत्तर द्यावं लागलं. खाली मान घालून म्हणाले, "आम्ही पाहू."

आत्या पुढं सावरली, पण माझ्याशी पहिल्यासारखी कधी बोलली नाही. डॉक्टरांनी तळ हलवला, दुसऱ्या गावी गेले. तिथंही आमच्याच वस्तीत गेले असतील. त्यांना कोणी जाब विचारला नाही. बदली माझी झाली. जाण्याआधी वरच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, माफी माग, बदली रद्द करतो. मी म्हटलं, "कशाची?" आणि निघून आले.

लोणारच्या एस.टी.त बसले. नव्या दवाखान्यात ट्रंक खाली ठेवते न ठेवते तोच तिथले डॉक्टर म्हणाले, "तुझं सगळं कानावर आलंय. इथं नोकरी करायची तर तोंड बंद ठेवायचं."

"नाही ठेवणार," मी म्हटलं. "वार्ड कुठं आहे?"