पाच उणे दोन आणि माझं गुलाबी पत्रक

अन्याय झाला तो माझी भाची पूर्वा, इयत्ता दुसरी, हिच्यावर. केव्हा, तर गेल्या जानेवारीत, शाळेच्या उपक्रम सप्ताहातल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. (वेळ मी शाळेच्या भिंतीवरच्या घड्याळावरून पक्की केली. ते घड्याळ मागे पडतं, हा वेगळा अन्याय.) गावाचं नाव देत नाही. नंदुरबार तालुका, कोरीटच्या रस्त्याला, एवढं पुरे. नाव दिलं तर मला गावात राहणं कठीण होईल. आत्ताच सोपं राहिलेलं नाही.

आधी माझी ओळख. मी पत्रकं लिहिते. गावात आमचं युवा मंडळ आहे. सदस्य तीन, त्यातला एक सुरतला कामाला आणि दुसऱ्याचं नुकतंच लग्न झालंय. म्हणजे मंडळ मीच. गटार तुंबली, एसटी थांब्यावर थांबली नाही, नळाला गढूळ पाणी आलं, की माझं पत्रक निघालंच. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मी झोपेतही शुद्ध लिहू शकते. बाकीच्या शब्दांची खात्री देत नाही.

तर तो सप्ताह. सोमवारी प्रभातफेरी झाली. मंगळवारी तोंडी गणित, बुधवारी वेशभूषा, गुरुवारी आनंद मेळावा, शुक्रवारी खो-खोचे सामने, आणि शनिवारी बक्षिसं. शनिवारच्या कार्यक्रमात आभार मानायला पूर्वाची निवड झाली होती. दुसरीतल्या मुलीला आभार म्हणजे आमच्या घरात मंत्रिपदच! पंधरा दिवस ती सराव करत होती. पाणी दिलं की आईचे आभार, दप्तर उचललं की दादाचे आभार, आणि धार काढून झाली की म्हशीचे 'मनःपूर्वक' आभार. म्हैस तेवढी शांतपणे ऐकायची.

मंगळवारी मॅडमनी विचारलं, "पाच उणे दोन?" पूर्वाचा हात सगळ्यात आधी वर.

"सात!"

वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "चूक. खाली बस. पुढे कोण सांगेल?" झालं, एवढंच. पण संध्याकाळी पूर्वा घरी आली ती थेट खाटेखाली जाऊन बसली.

"काय व्हयनं वं, पुरी?" मी वाकून विचारलं.

"काहीच नही."

"मंग खाटखाले कसाले बशी ऱ्हायनी?"

"मी आते साळामा बोलावच नही."

"आनि शनवारना आभार?"

"त्या बी नही."

अर्ध्या तासाने, शेंगदाण्याची चिक्की आत सरकवल्यावर, खुलासा बाहेर आला. "मॅडम म्हनतीस, पाच उने दोन. पाच व्हतात. मंग दोन उनात. सात व्हयनात ना, फुई?"

फुई म्हणजे आत्या, म्हणजे मी. मी जमिनीवर बसलेच. आमच्या अहिराणीत 'उना' म्हणजे आला. पाव्हना उना, बस उनी, पोरे उनात. आणि पाण्याला पानी म्हणणाऱ्या आमच्या कानाला 'ण' काय नि 'न' काय! जिच्या घरी पाच जण बसलेत आणि आणखी दोन आले, ती मुलगी सात नाही म्हणणार तर काय म्हणणार? तिने बरोबर हिशेब केला होता. फक्त प्रश्न दुसऱ्या भाषेतला होता. मॅडम साताऱ्याकडच्या, जूनमध्येच आलेल्या. त्यांना कोण सांगणार?

वहिनीने भाकरी थापता थापता उपाय काढला. "ताई, सकाय जाईसन मॅडमले सांगी द्या ना. दोन मिनिटनं काम शे."

"वहिनी," मी म्हटलं, "दोन मिनिटांत होतं त्याला आंदोलन म्हणत नाहीत."

(हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.)

बुधवारी, गावातली पोरं सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा बनून शाळेत चालली होती (पुढचे पाय थोरला भाऊ, मागचे पाय धाकटा, दोघांचं भांडण होऊन घोडा रस्त्यातच दोन दिशांना गेला), तेव्हा मी नंदुरबारच्या एसटीत बसून पत्रक लिहीत होते. मथळा : 'पूर्वाला न्याय द्या!' खाली मजकूर : 'पूर्वाने पाच उणे दोन याचे उत्तर सात दिले. तिच्या मातृभाषेनुसार हे उत्तर बरोबर आहे. तरीही शाळेने ते चूक ठरवून तिला सर्वांसमोर खाली बसवले!' मग मागण्या. क्रमांक तीन : 'संबंधित शिक्षिकेने जाहीर खुलासा करावा.' खुलासा मागितल्याशिवाय माझं पत्रक संपत नाही.

डीटीपीवाले शकीलभाई माझी सगळी पत्रकं करतात. कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "उद्या सकाळच्या काळीपिवळीत गठ्ठा टाका. दोनशे." आणि परतीची बस पकडली. छापण्याआधी एकदा वाचून बघावं असं लोक म्हणतात. लोकांना वेळ असतो.

गुरुवारी गठ्ठा आला. कागद गुलाबी. मी गठ्ठा सोडला आणि तशीच आनंद मेळाव्यात घुसले. पोरांचे स्टॉल लागले होते. भजी, बोरं, उसाचे करवे, आणि एका चिमुरड्याकडे फक्त लाल मिरच्या. रडत होता, कारण त्याची एक मिरची कुणीतरी खाऊन बघितली होती. मी प्रत्येकाच्या हातात पत्रक कोंबलं. दोनशे प्रती वीस मिनिटांत संपल्या. असा प्रतिसाद मला गटारीलाही मिळाला नव्हता!

मग शाळा समितीचे अध्यक्ष लोटन आबा माझ्याकडे आले. एका हातात भजी, दुसऱ्या हातात पत्रक, डोळे लाल.

"हाई खरं शे का, पोरी?"

"अक्षरन् अक्षर खरं, आबा."

"आमन्हा गावमा अशी मॅडम? पाचमाईन दोन गयात ते तीन ऱ्हातस, हाई बी तिले माहीत नही?"

मी म्हटलं, "काय?" आणि स्वतःचं पत्रक पहिल्यांदा वाचलं.

'पूर्वाने पाच उणे दोन याचे उत्तर तीन दिले. हे उत्तर बरोबर आहे. तरीही शाळेने ते चूक ठरवून तिला सर्वांसमोर खाली बसवले!'

मी भज्यांच्या स्टॉलमागे जाऊन फोन लावला.

"शकीलभाई, सातचं तीन कोणी केलं?"

"मैंने किया, ताई. आप जल्दी में थे. पाच में से दो गये तो तीन. सात छपता तो आपकी इज्जत जाती!"

"आणि 'तिच्या मातृभाषेनुसार' कुठे गेलं?"

"वो लाइन नीचे सरक रही थी, निकाल दी. तीन तो हर भाषा में तीनच होता है ना!"

माणूस चुकला असता तर भांडता तरी आलं असतं.

आता खरं म्हणजे त्याच क्षणी मी माईक हातात घ्यायला हवा होता. माईक तिथेच होता. 'पत्रकात चूक झाली, मॅडमचा काही दोष नाही,' दहा शब्दांचंही काम नव्हतं. पण चालू आंदोलनात माघार घ्यायची नसते हे मला शिकवलेलं. आणि आजूबाजूला पन्नास माणसं माझं पत्रक वाचून खवळलेली! आयुष्यात पहिल्यांदा! मी घसा साफ केला आणि म्हटलं, "चौकशी झाली पाहिजे."

म्हणजे दुसरा अन्याय झाला तो गुरुवारी दुपारी, मॅडमवर. करणारी मी.

शुक्रवारी आमच्या मुली खो-खोत केंद्रात पहिल्या आल्या. कुणाचं लक्षच नव्हतं. मुली ढाल घेऊन गावात आल्या तेव्हा सगळं गाव दुसरीच्या वर्गाच्या दारात उभं होतं. आत लोटन आबा मॅडमची परीक्षा घेत होते.

"मॅडम, राग नका धरू. नऊमाईन चार गयात, किती ऱ्हायनात?"

"पाच," मॅडम म्हणाल्या.

आबांनी मागे वळून विचारलं, "पाचच ना रे?" मागे तिघांनी मोबाईलवर हिशेब केला. "बरोबर शे, आबा!"

"बावन्नमाईन सतरा?"

"पस्तीस."

यावेळी मोबाईलवाल्यांना वेळ लागला. एकाचं उत्तर एकोणसत्तर आलं. त्याने बेरीज केली होती. मॅडम खडू हातात धरून उभ्या होत्या; एका पोरीला सगळ्या गावासमोर खोटं पाडायचं नव्हतं म्हणून असेल, 'सात' हा शब्द त्यांनी काढला नाही. त्यांनी गर्दीत मला शोधलं.

"ताई, पत्रक तुमचंच ना? पूर्वाने तीन सांगितलं, असं तिने स्वतः सांगितलं तुम्हाला?"

"चौकशी चालू आहे," मी म्हणाले, आणि चप्पल शोधायला लागले. मी चप्पल घालूनच उभी होते.

घरी पूर्वा पुन्हा खाटेखाली. वर्गातली पोरं तिला विचारत होती, 'तू ते सात सांगं व्हतं ना वं?' मोठी माणसं पाठ थोपटत होती, 'शाब्बास, तीन सांगं!'

"फुई, तू खोटं लिखं."

"मी नही लिखं. शकीलभाईनी लिखं."

"मंग बठास्ले सांग ना."

"सांगसू, साऱ्या गावले सांगसू. दुसरं पत्रक काढसू."

खाटेखालचा पाय आणखी आत ओढला गेला. वहिनी माझ्याकडे बघत होती. दोन मिनिटांचं काम तिने पुन्हा सुचवलं नाही, हेच मला फार लागलं.

शनिवारी मांडव भरला. बक्षिसं झाली. घोड्यालाही उत्तेजनार्थ मिळालं आणि दोन्ही भाऊ ते ओढायला लागले. मग हेडसर माईकवर आले, कागदाकडे बघून थांबले, मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान हलवली. "आता आभारप्रदर्शन," हेडसर म्हणाले, "कुमारी पूर्वा… येणार असेल तर."

कुणी उठेना. मी मनातल्या मनात दुसरं पत्रक लिहायला घेतलं. आणि पूर्वा उठली. हेडसरांनी माईक तिच्या उंचीला खाली केला.

"मन्ही फुईनं पत्रक खोटं शे," ती म्हणाली.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पन्नास नाही, तीनशे.

"मी तीन नही सांगं. मी सात सांगं. मॅडमनी काही चूक नही शे."

मॅडम खुर्चीतून उठल्या आणि तिच्याजवळ गुडघ्यावर बसल्या. "पण सात कसे गं आले, पूर्वा? मला सांग ना."

"तुम्ही सांगं, पाच उने दोन. पाच व्हतात, दोन उनात."

मॅडमना कळेना. त्यांनी पोरांकडे बघितलं. "उनात म्हणजे?"

"आले!" अख्खा मांडव ओरडला.

मॅडम डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे मी जूनपासून तुम्हाला वजा करायला सांगतेय आणि तुम्ही पाहुणे बोलावताय! बरं. आणि गेले, याला काय म्हणता?"

"गयात!"

"मग पाचमधून दोन गयात, तर किती?"

"तीन!" पोरं ओरडली. लोटन आबाही ओरडले, जरा उशिरा. आणि सगळ्यांत आधी, माईकमधून, पूर्वा.

मग तिने आभार मानले. सगळे, न चुकता : हेडसर, मॅडम, समिती, खो-खोच्या ताया, मांडववाले. शेवटी थांबली, माझ्याकडे बघितलं आणि कागदात नसलेलं एक वाक्य घातलं. "आनि मन्ही फुईना बी आभार. तिन्हा पत्रकमुये भजी बांधाले कागद मियना."

टाळ्या एवढ्या पडल्या की मीही वाजवल्या. मला काय, तीनशे लोकांत उठून दिसायचं नव्हतं.

त्या दिवशी मी स्वतःहून मॅडमना भेटायला गेले. पहिल्यांदाच. शाळा आमच्या ओट्यावरून दिसते, हे लिहायला मला शरम वाटते म्हणून लिहून ठेवते. माफी मागायला दोन मिनिटं लागली; त्यातलं दीड मिनिट त्या मला खुर्ची देत होत्या.

तोंडी माफीवर गाव ऐकणार नव्हतं. दोनशे घरांत गुलाबी कागद गेलेला! म्हणून दुसरं पत्रक काढलं : 'जाहीर माफी'. यावेळी शकीलभाईंना नीट ताकीद लिहून पाठवली. ते सज्जन गृहस्थ. त्यांनी खरोखर काहीही बदललं नाही. पत्रक छापून आलं, वाटून झालं, आणि मग वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं. अगदी वर, ठळक अक्षरांत, मथळ्याच्याही वर : 'शकीलभाई, एक अक्षर जरी बदललं तर तुमच्या दुकानासमोर उपोषणाला बसेन.' खाली : 'जाहीर माफी'.

तेव्हा वाचकांकडे माझी मागणी, आणि ती विनाविलंब मान्य व्हावी : पहिलं पत्रक तुमच्या घरात असेल तर आजच्या आज फाडा. दुसरं असेल तर शाळेत जाऊन मॅडमच्या हातात द्या. पण देण्याआधी, हात जोडते, वरची ओळ कापा!