सेर्पेरे आणि गेरूची रेघ

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीच्या भाजी मंडईत मेथीची जुडी निवडत उभा होतो. शकूवहिनींचं, म्हणजे दत्ताच्या बायकोचं, नाव दिसलं आणि मी फोन उचललाच नाही. वाजू दिला. नांदेडच्या दवाखान्यातून भरदुपारी वहिनींचा फोन कशासाठी येणार, हे मला कळत होतं; पण जोवर मी ऐकत नाही तोवर दत्ता आहे, असा काहीतरी खुळा हिशेब डोक्यात चालू होता. फोन थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. मेथीवाली म्हणाली, "उचला की दादा, कुणाचं तरी लय अर्जंट दिसतंय." उचलला. पलीकडून वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी… गेले हो." मी मेथी खाली ठेवली. आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी स्कूटरला चावी लावतोय, हे बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

मी जन्माचा भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण दत्ताबद्दल लिहायचं तर भीतीबद्दल लिहावंच लागेल. आम्ही दोघं परभणीच्या एकाच कॉलेजात शिकवायचो. तो वनस्पतीशास्त्र, मी मराठी. पाल, फोन, वीज, डॉक्टर, बंद दारामागचा आवाज, यांतलं मला कशाचंही भय वाटायचं. आणि दत्ताला माझ्या भयाची गंमत वाटायची. "वसंता, तू सापाला भेत न्हाईस, सापाच्या सावलीला भेतूस," असं तो स्टाफरूममध्ये चारचौघांत सांगायचा. तो राणीसावरगावचा, शेतकऱ्याच्या घरचा. विंचू उलटण्याने बाजूला सारून पुन्हा बोलायला लागणारा. अशा माणसाशी माझी जन्मभर दोस्ती कशी टिकली याचं लोकांना नवल वाटायचं, पण त्यात नवल काही नव्हतं. भित्र्या माणसाला शेजारी कुणीतरी धीराचं लागतं, आणि धीराच्या माणसालाही आपला धीर दाखवायला कुणीतरी लागतंच.

त्याला लॅटिनचं वेड लागलं ते झाडांच्या नावांमुळं. विद्यार्थ्यांकडून ती लांबलचक नावं घोकून घेता घेता त्याला वाटलं, ही भाषा तरी काय आहे ते बघू. हैदराबादला एका लग्नाला गेला होता, तिथून जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक जाडजूड, पाठ उसवलेला लॅटिन शब्दकोश घेऊन आला. "नावं पाठ करून पोट भरलं," म्हणाला, "आता क्रियापदं शिकून जीव रमवू." मग रोज एक क्रियापद. आधी त्याचा अंगाचा अर्थ सांगायचा, म्हणजे हातापायांनी करायची गोष्ट. आणि मग तो अर्थ माणसाच्या मनापर्यंत कसा चालत गेला ते. ऐकायला मी आणि चहाचा कप, एवढेच असायचो.

त्यातलं एक मला विसरता आलं नाही. सेर्पेरे. आम्ही त्याच्या शेतात होतो, तुरीच्या ओळींमधून चाललो होतो, आणि त्यानं एकदम माझं मनगट धरलं. पुढं चार पावलांवर एक काळाभोर लांबलचक जीव ओळ ओलांडत होता. "उभा ऱ्हा. जाऊ दे त्येला. त्येचं काम हाय." मी उभा कसला, बधिरच झालो होतो. तो गेला, तुरीची पानंही हलली नाहीत. मग बांधावर बसून, माझे गुडघे थांबेपर्यंत, दत्तानं मला सेर्पेरे शिकवलं. पोटावर सरकत जाणं, हा मूळ अर्थ. सापाचा. मग रोमन लोकांनी तेच क्रियापद वेलाला लावलं. मग वाळल्या गवतातल्या आगीला. मग अंगात पसरणाऱ्या रोगाला, गावात पसरणाऱ्या बातमीला, माणसात पसरणाऱ्या भीतीला. "जे येताना पाय वाजवत न्हाई, त्या समद्याला हे एकच," तो म्हणाला. मी मराठीचा मास्तर, गप्प कसा बसणार? म्हणालो, आपला सर्प आणि ते एकाच घरचे दिसतात, पण पहिला अर्थ तेवढा खरा, बाकीचे लाक्षणिक. तो हसला. "लाक्षणिक म्हंजे खोटं न्हवं लेका. तुझे गुडघे बघ. साप कवाच गेला, आन अजून सरपटायलंय काय ते?" खरंच, ते थांबले नव्हते.

पुढं एकदा मला नागीण झाली. कमरेच्या उजव्या अंगाला, आग आग करणाऱ्या फोडांची रांग. आमच्याकडं लहानपणापासून ऐकलेलं असतं की नागिणीचं तोंड आणि शेपटी कमरेभोवती फिरून एकमेकांना भिडली की माणूस संपला. मी शिकलेला माणूस, पण रोज सकाळी शर्ट वर करून आरशात पाहायचो, अजून किती जागा उरलीय. जेवण तुटलं. दत्तानं मला आधी डॉक्टरकडं नेलं, गोळ्या चालू करून दिल्या, ही मज्जातंतूच्या वाटेनं जाते, अंगाच्या एकाच बाजूला राहते, पाठीचा मणका ओलांडत नाही, हे चित्र काढून समजावलं. आणि मग गाडीत घालून राणीसावरगावला आपल्या मायकडं नेलं. माय नागिणीवर गेरू द्यायची. तिच्या सासूनं तिला हे दिलेलं, त्याबद्दल कुणाकडून चहासुद्धा घ्यायचा नाही असा नेम. सहाणेवर गेरू उगाळून, दुर्वेच्या काडीनं तिनं आधी नागिणीच्या तोंडापुढं एक आडवी रेघ ओढली, मग शेपटीपुढं एक. "झालं. वाट बंद केली बाळा. आता जेव," म्हणाली. आणि मी जेवलो. येताना गाडीत मी दत्ताला विचारलं, "तुझा यावर विश्वास आहे?" तो म्हणाला, "औषध अंगाला, गेरू भेवाला. दोन्ही पायजेल."

माय गेल्यावर गेरू द्यायचं काम शकूवहिनींकडं आलं. वहिनी मानवतच्या, सरकीच्या व्यापाऱ्याच्या घरच्या, पण सासूचा हा नेम त्यांनी मनापासून उचलला. परभणीच्या त्यांच्या घरी गल्लीतली माणसं यायची. वहिनी रेघ ओढायच्या आणि दत्ता ओसरीवरून ओरडायचा, "दवाखान्यात गेला व्हता का आधी? न्हाईतर रेघ पुसून टाकीन." माणसं आधी दवाखान्यात जाऊन यायची.

या वर्षी त्याला जुलाब आणि ताप आला, बरा झाला, आणि नंतर एका सकाळी उठताना पायांत चपला घालता येईनात. पाय आपले वाटत नाहीत म्हणाला. संध्याकाळपर्यंत गुडघे गेले. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक लांब नाव सांगितलं, जे मला अजून नीट उच्चारता येत नाही. बधिरपणा आणि लुळेपणा पायांकडून वर चढत जातो, बहुतेक माणसं यातून बरी होतात, चढणं कुठं थांबतं त्यावर आहे, छातीपर्यंत आलं तर श्वासाचा प्रश्न येईल… असं त्यांनी शांतपणे समजावलं. औषधं लगेच चालू झाली. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. दत्तानं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "सेर्पित." म्हणजे, सरपटतंय. तोवर आमच्यात गमतीचा असलेला तो शब्द मला त्या क्षणी नको नकोसा झाला.

वहिनींनी घरून गेरू आणला होता. विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. त्या त्याच्या पायाला बोट टेकवत वर वर यायच्या, "लागतंय का? इथं? इथं?" आणि जिथं तो "लागतंय" म्हणायचा त्याच्या थोडं वर गेरूची आडवी रेघ ओढायच्या. पहिली मांडीवर होती. दुसऱ्या सकाळी ती मागं पडली. मग जांघेशी एक ओढली, मग बेंबीखाली. रेघ ओढली की वहिनी पदर तोंडात धरून त्या रेघेकडं बघत बसायच्या, जणू नजर हटली की ते वर सरकेल. जेवण नाही, झोप नाही. मला वाटलं डॉक्टर रागावतील. ते म्हणाले, "राहू द्या, पुसू नका. कुठवर चढलंय ते आम्हालाही दिसतं." मला त्या रेघांची इतकी भीती वाटायची की मी चादरीकडं बघणंच टाळायचो.

त्या दिवशी वहिनी अंघोळीला आणि डबा आणायला नात्यातल्या घरी गेल्या होत्या. डॉक्टर येऊन तपासून गेले. बेंबीखालची रेघ मागं पडली होती. आता बरगड्यांच्या खाली आलं होतं. ते गेल्यावर मला काय सुचलं कोण जाणे, वाटीतल्या गेरूत बोट बुडवून मी माझ्या हातानं बरगडीखाली रेघ ओढली. वहिनी नाहीत तर कुणीतरी वाट बंद करायला हवी, एवढंच डोक्यात होतं. दत्ता उताणा होता, त्याला मान उचलता येत नव्हती. "कुठं काढलीस?" मी सांगितलं. तो छताकडं बघत म्हणाला, "रुमाल हाय का? पूस ती."

"अरे पण…"

"डॉक्टरला ठाऊक हाय, बास झालं. ती आल्यावर बघंल. तिच्या पोटात चार दिस झालं अन्न न्हाई वसंता. आज तिला जेवू दे. आज तिला झोपू दे." आणि मग, ज्याच्या आवाजात मी जन्मात कधी भीती ऐकली नव्हती तो माणूस म्हणाला, "मला लय भेव वाटायलंय. तिला कळू देऊ नको."

"नाही कळू देणार," म्हणालो आणि मी ओल्या रुमालानं रेघ पुसली. वहिनी आल्या, डबा ठेवला आणि नेहमीसारखं बोट टेकवत निघाल्या. मी त्यांच्या पाठीमागं उभा होतो, त्यांना दिसत नव्हतो, दत्ताला दिसत होतो; बोट जुन्या रेघेशी आलं की मी डोळे मिटायचे आणि त्यानं "लागतंय" म्हणायचं, असं आमचं ठरलं होतं. त्यांचं बोट बेंबीखालच्या रेघेशी टेकलं तसे मी डोळे मिटले. "लागतंय," तो म्हणाला. बोट वर आलं, मी डोळे मिटले. "लागतंय." त्याला कुठंच काही लागत नव्हतं. वहिनींनी जुन्याच रेघेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "थांबलं… हितंच थांबलं बघा भाऊजी." बाकावर बसून त्यांनी भाकरी खाल्ली, आणि तिथंच भिंतीला टेकून गाढ झोपी गेल्या. दत्ता त्यांच्या घोरण्याकडं कान लावून होता. मी आयुष्यात त्याच्यासाठी केलेलं हे एकच काम. त्याच संध्याकाळी त्याचा श्वास तोकडा पडायला लागला आणि त्याला आत मशीनवर नेलं. मी परभणीला परतलो, आणि मग त्याच्या छातीत जंतू शिरले. तो बाहेर आलाच नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो. दिवसकार्य उरकून काही आठवडे झालेत. दारातूनच पाहिलं, भरदिवसा घरातले सगळे दिवे चालू होते. ओसरीवरचा, स्वयंपाकघरातला, न्हाणीतलासुद्धा. दत्ताच्या खोलीला मात्र कडी होती. वहिनी पुढच्या खोलीत चटईवर बसल्या होत्या, अंथरूणही तिथंच गुंडाळून ठेवलेलं. गल्लीतली एक बाई नागीण घेऊन आली होती, तिला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "माझ्या हाताला गुण ऱ्हायला न्हाई," म्हणाल्या. मी म्हणालो, "असं नसतं वहिनी." तर त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "असंच असतंय. थांबलं व्हतं ते. तुमी बघितलं ना भाऊजी? बेंबीपाशी थांबलं व्हतं. म्या झोपले. म्या झोपले म्हणून ते वर गेलं."

दत्ताला मी शब्द दिला होता. पण वहिनींचा चेहरा बघवत नव्हता, आणि तिथं बसून ऐकत राहणं मला बोलण्यापेक्षा अवघड झालं. मी सांगून टाकलं. बरगडीखालची रेघ, रुमाल, डोळे मिटणं. तो काय म्हणाला तेही, जसंच्या तसं. वाटलं, आता या मला घरातून हाकलतील, आणि हाकलावंच.

वहिनींनी माझ्याकडं वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे त्येंनाबी भेव वाटलं व्हतं?"

"हो. लय."

"मला वाटायचं, त्येंना काईच वाटलं न्हाई. मलाच कसं एकटीला वाटायलंय…" आणि मग त्या रडल्या. दहाव्याला, तेराव्याला मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

नंतर त्या उठल्या, पदरानं तोंड पुसलं आणि दत्ताच्या खोलीची कडी काढली. आत त्याची खाट, खिडकीशी खुर्ची, कोनाड्यात तो उसवलेला कोश, सगळं तसंच. बंद खोलीचा वास आला आणि मी उंबऱ्यावरच अडखळलो. "बसा आत, त्येंच्या खुर्चीवर," वहिनी म्हणाल्या, "चहा ठेवते." मी बसलो. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. हात आपोआप भिंतीवरच्या बटणाकडं गेला. स्वयंपाकघरातला दिवा मालवल्याचा आवाज आला, मग ओसरीवरचा, आणि पाठोपाठ वहिनींचा:

"लाइट नका लावू भाऊजी. उजेड हाय की अजून."