माझ्या नाकाचा भरवसा

रोशा म्हणजे डोंगरउतारावर वाढणारं उंच गवत. चुरगाळलं की गुलाबासारखा वास येतो. निजामाच्या राज्यात, जिंतूरकडच्या डोंगरात, दसऱ्यानंतर ते फुलावर आलं की आम्ही ओढ्याकाठी त्याच्या तेलाची भट्टी लावायचो. आम्ही म्हणजे मी आणि आमचे मालक, माझा नवरा. वालूरला घर होतं, शेत नव्हतं. मजूर गवताचे भारे टाकून दिवस मावळायच्या आत परत जात. गावात हे तेल दुखऱ्या गुडघ्यांना चोळायचे. तेल घेऊन जाणारे ठेकेदार सांगायचे, ते मुंबईहून जहाजानं परमुलखात जातं आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात मिसळतात. गुडघे आमचे, गुलाब त्यांचा.

मोठ्या लोखंडी डेगीत गवत आणि पाणी घालायचं, झाकण चिखलानं लिंपायचं, खाली जाळ लावायचा. वाफ बांबूच्या नळीतून ओढ्यात ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात उतरायची. निवली की पाण्यावर तेल तरंगायचं. पण डेगीतलं पाणी आटलं तर गवत जळायचं आणि सगळं तेल वाया. आतलं काही दिसत नाही, म्हणून नळीच्या सांध्याशी नाक न्यायचं. आधी ओल्या गवताचा वास, मग गोड, आणि तो करपट व्हायच्या आत खालचा जाळ बाहेर ओढायचा. या कामात मालकांचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्या वर्षी ते मुदतीच्या तापातून उठले आणि त्यांचं नाक गेलं. कांदा हुंगला तरी काही नाही. डेग ठेकेदारांची होती. त्यांना कळलं असतं तर त्यांनी ती दुसऱ्याला दिली असती. नाकावर माशी बसू न देणारा माणूस बायकोच्या नाकावर भट्टी चालवायला लागला. मी सांध्याशी वाकायची, ते हळूच विचारायचे, "कसा यायलाय?" महिनाभर कुणाला पत्ता लागला नाही. मला तर मनातून मिरवावंसं वाटायचं.

मग एका सकाळी चुलीवरची पांढरी भाकरी मला करपट लागली. ओढ्याचं पाणी करपट. मालकांचा सदरासुद्धा. मला दिवस गेले होते. सहा वर्षं वाट पाहिलेली, आनंदानं नाचायला हवं होतं, पण मी ते मनातच ठेवलं. सांगितलं असतं तर त्यांनी मला त्याच दिवशी माहेरी पालमला धाडलं असतं आणि भट्टीला नाक उरलं नसतं. न सांगावं तर नाक खोटं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

दोनदा मी "जळायलंय" म्हणाले. मालकांनी जाळ ओढला, झाकण काढलं, तर गवत अर्धं कच्चं. तेल कमी भरलं. ठेकेदारांना वाटलं, आम्ही चोरून बाहेर विकतो. आणखी एकदा असं झालं तर डेग उचलून नेईन, असं ते शांतपणे सांगून गेले.

पुढच्या डेगीला मी दुपारभर सांध्याशी बसले. करपट वास येत होता, पण तो तर पहाटेपासूनच येत होता. महादेवाला हात जोडले, एवढं एकदा खरं काय ते कळू दे. मालकांनी विचारलं. मी म्हणाले, "गोड." थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच सांगितलं.

झाकण काढलं तेव्हा तळाचं गवत काळं पडून डेगीला चिकटलं होतं. तेल मात्र भरपूर. मालकांनी बोटावर थेंब घेऊन माझ्या नाकापुढं धरला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला काहीच कळत नव्हतं. मी म्हणाले, "चांगला हाय."

दुसऱ्या दिवशी ठेकेदारांनी मनगटावर थेंब चोळला, हुंगला आणि रुमालानं पुसला. "जल गया," एवढंच म्हणाले. मालकांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. म्हणाले, "चूक माजी हाय. तापापासून मला वासच येत न्हाई." जे लपवायला आम्ही जिवाचं रान केलं, ते त्यांनी मला झाकण्यासाठी सांगून टाकलं. डेग बैलगाडीत चढली. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. वालूरच्या वाटेवर मी रडत रडत सगळं सांगितलं. माझ्या डोक्यावरचं गाठोडं काढून त्यांनी आपल्या डोक्यावर घेतलं.

त्यानंतर भट्टी मिळाली नाही. मजुरीच राहिली.

बाळंत झाले आणि नाक जागेवर आलं. ते जळकं तेल बाटलीत भरून घरी आणलं होतं. एक दिवस मालकांनी बूच काढून बाटली माझ्यापुढं धरली. या वेळी मी खरं सांगितलं, "जळका हाय." त्यांनी मान हलवून बूच लावलं. मग माझ्या मांडीवरच्या लेकराच्या टाळूला नाक लावलं आणि बराच वेळ तसेच राहिले.

"आन् ह्याचा कसा यायलाय?"

गवतासाठी माझ्याकडं शब्द होते. ओला, गोड, जळका. लेकरासाठी एकही सापडेना. मी पुन्हा पुन्हा हुंगत राहिले, आणि ते वाट बघत बसले.