मी नापास केलेली समुपदेशक

व्यसनमुक्तीच्या समुपदेशकांची परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडे आलं, ते कुडाळच्या एका केंद्रात मी बरीच वर्षं हेच काम करतोय म्हणून. त्याआधी मी स्वतः दारू पीत होतो, हे परीक्षा देणाऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

परीक्षा देणाऱ्यांपैकी वैभववाडीजवळच्या एक बाई पूर्वी अंगणवाडी सेविका होत्या. सगळा अभ्यासक्रम त्यांनी मोबाइलवर पुरा केला होता, बहुतेक वेळा मागच्या दारी बसून, कारण रेंज तिथेच. परीक्षाही व्हिडिओ कॉलवर होती. मी रुग्ण व्हायचं, त्यांनी मला बोलतं करायचं आणि मग रेकॉर्डिंग बघून मी गुण द्यायचे. माझी भूमिका कागदावर लिहून आली होती: काजूच्या कारखान्यातला कामगार, बायकोने ओढत आणलेला, मनात आणलं तर उद्या सोडीन म्हणणारा.

त्यांनी शुद्ध मराठीत, शिकवलेल्या वाक्यांनी सुरुवात केली. मी मुद्दाम मालवणीत तुटक उत्तरं देत राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी वही मिटली.

“बरां, आपल्याच भाषेत बोलूया. दादानू, तुमची सकाळ कशी जाता?”

याचं उत्तर कागदावर नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, “चायचो कप हातात ऱ्हवना नाय, हात थरथरता. म्हणान बायलेसमोर मी चाय घेणंय नाय.”

“लाज वाटता?”

मी मान डोलावली. घाई नाही, उपदेश नाही, त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती सकाळ कुठल्या कामगाराची नव्हती, माझीच होती.

कॉल संपल्यावर मी भराभर गुण भरले, जवळजवळ पैकीच्या पैकी. पण तक्ता पाठवायला हात धजेना. जेवताना उठलो, बाजारापर्यंत जाऊन परत आलो, पुन्हा लॅपटॉप उघडला, पुन्हा मिटला. दुसऱ्या दिवशीही तेच. बायको म्हणाली, “बसा बघूया एका जाग्यार. सकाळपासून भिरभिरतास.”

शेवटी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, आणि या वेळी फक्त त्यांचे प्रश्न ऐकले. तेव्हा कळलं. थरथरणाऱ्या हातांबद्दल मी सांगितलं होतं आणि त्यांनी फक्त लाज ऐकली. शेवटची दारू कधी घेतली, मधे बंद केली तेव्हा काय झालं, कधी फिट आली होती का, यातलं काहीच विचारलं नाही. शेवटी तर म्हणाल्या होत्या, “उद्यापासून एक थेंब नको.” ज्याचे हात असे थरथरतात, त्याने डॉक्टरला न दाखवता एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मी अशीच एका दिवसात सोडली होती, आणि तिसऱ्या दिवशी पडवीत फिट येऊन पडलो होतो. मला कुणी काही विचारलंच नव्हतं. आणि एवढं भोगूनसुद्धा, डोळे पुसता पुसता मी या बाईंना पास करायला निघालो होतो.

मी नापास लिहिलं आणि त्यांना स्वतः फोन केला. कारण समजावून सांगितलं.

“सर, तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी बघितलं.”

“आलं होतं.”

“मग नापास कित्याक?”

“माझो हात थरथरता म्हणान सांगितलंय, तां तुमी सोडलास. खरो पेशंट असतो तर चार दिसांत गेलो असतो.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

महिन्याभराने दुसऱ्या परीक्षकाने त्यांना पास केलं. पुढे त्यांच्या कामावर देखरेखीसाठी मी वैभववाडीला गेलो. समोर एक शेतकरी येऊन बसला, अजून टेकलाही नव्हता तोच त्यांनी विचारलं, “शेवटची कधी घेतली? किती? फिट येते?” तो गडी दचकला, उत्तरं देताना दाराकडे बघत राहिला आणि डॉक्टरसाठी दिलेली चिठ्ठी खिशात घालून निघून गेला. प्रश्न सगळे बरोबर होते. माझ्या परीक्षेत ज्या बाईंनी वही मिटली होती, त्या मात्र खोलीत दिसल्या नाहीत.

“आता बरोबर?” त्यांनी मला विचारलं. आवाजात राग होता.

“प्रश्न बरोबर. पण आधी त्याला बसू द्या.”

“तुमका एक काय तां धड सांगूक येणा नाय, सर.”

स्टेशनवर गाडीची वाट बघताना फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या मारल्या, कोण जाणे. तो शेतकरी त्या आठवड्यात डॉक्टरकडे गेला, हे मला पुढच्या अहवालातून कळलं. बाईंनी स्वतःहून सांगितलं नाही. तो पुन्हा त्यांच्यासमोर येऊन बसला की नाही, ते अहवालात नव्हतं, आणि ते विचारण्यासाठी मी दोनदा फोन हातात घेऊन खाली ठेवला आहे.