उंब्रज नावाचं स्टेटमेंट

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. हे लिहितेय ते कुणाला घाबरवायला नाही, माझा राग अजून उतरलेला नाही म्हणून.

मी चंदीगडला आयटी पार्कमध्ये नोकरी करते. आमचं सॉफ्टवेअर एका डायलिसिस सेंटरच्या पेशंटांच्या वेळा सांभाळतं. वेळ हुकली तर माणसाच्या जिवावर बेततं.

तो कोड आमच्या ऑफिसातल्या पाटणकर काकांचा. मूळचे उंब्रजचे, एअर फोर्समधून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. डेटाबेसला पाठवायची प्रत्येक क्वेरी, म्हणजे विचारणा, त्यांनी प्रिपेर्ड ठेवली होती – म्हणजे हुकूम आधी पक्का करायचा, लोकांनी टाइप केलेलं नंतर वेगळं पाठवायचं, की ते नुसतं नाव राहतं, हुकूम होत नाही. साध्या, म्हणजे 'प्लेन' क्वेरीत दोन्ही एकत्र चिकटवतात. नावाच्या रकान्यात कुणी 'सगळं पुसून टाक' असा हुकूम लिहिला, की डेटाबेस तोही पाळतो. अशा आधी पक्क्या केलेल्या हुकमाला स्टेटमेंट म्हणतात, आणि काका आपल्या स्टेटमेंटांना गावाकडच्या रस्त्यावरच्या ठिकाणांची नावं द्यायचे. पेशंट शोधायच्या स्टेटमेंटचं नाव उंब्रज.

काका हार्ट अटॅकने गेले. तेरावा व्हायच्या आत आमचे मॅनेजर मनिंदर सर यांनी ते सगळं उखडून प्लेन करून घेतलं. "फास्ट चलता है जी, कुछ नहीं होता!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एका सकाळी मीटिंगमध्ये मी म्हटलं, थांबा, दाखवतेच. टेस्ट कॉपी उघडली, नावाच्या रकान्यात पुसायचा हुकूम टाइप केला, एंटर मारलं. मग स्क्रीनच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं... मी खऱ्या डेटाबेसला जोडलेली होते! शेवटचा बॅकअप आठ दिवस जुना.

स्क्रीनवर आलं – या नावाचा पेशंट नाही. सगळ्यांच्या वेळा जागच्या जागी होत्या.

"देखा? प्लेन भी सेफ है," सर हसले.

मी लॉग, म्हणजे डेटाबेसने काय काय चालवलं त्याची नोंद, उघडला. माझी क्वेरी प्रिपेर्ड म्हणून चालली होती. स्टेटमेंटचं नाव... उंब्रज. कोडमध्ये तीनदा शोधलं, हा शब्द कुठेच नव्हता. बरं, असं स्टेटमेंट कनेक्शन तुटलं की संपतं, आणि सर्व्हर तर त्याच सकाळी बंद करून चालू केला होता. सरांना दाखवलं, तर म्हणे, "पुराना कुछ रह गया होगा यार."

काय राहिलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. राग मात्र सांगता येतो – सरांवर, माझ्या धांदरटपणावर आणि खरं सांगू, काकांवरही. पेशंट वाचले, पण त्याबरोबर सरांचा हट्टही वाचला. कोड अजून प्लेनच आहे. सेंटरमध्ये रोज कुणीतरी त्या रकान्यात नाव टाइप करतं... काका, असा किती दिवस पहारा देणार आहात?